गोड, पण बेतानं!

दुपारचे चार वाजतात आणि इनबॉक्समध्ये तो लाडका मेल येऊन पडतो. 'केक इन पॅन्ट्री!' कुणाचा तरी बर्थडे, कुणाचं तरी प्रमोशन, कुणाचा तरी लास्ट डे. येणाऱ्यालाही केक आणि जाणाऱ्यालाही केक! शिवाय दिवाळीत क्लायंटनं पाठवलेले सोनपापडीचे डबे आहेत, कुणी गावाहून आणलेले पेढे आहेत, आणि मशीनचा तो आधीच साखर घोळलेला चहा तर बारमाही आहे. आता यात 'नको, मी गोड कमी केलंय' असं म्हणून बघा. लगेच पाच जण वळून बघतात. 'अय्या, डाएट?' 'तुला काय गरज गं?' 'एक तुकडा तर खा यार, काही होत नाही!'

होतं हो. काही ना काही होतं.

गेल्या वर्षी आमच्या फ्लॅटमध्ये झालं. कर्वेनगरच्या टूबीएचकेमध्ये आम्ही तिघी राहतो. त्यातल्या एकीच्या कंपनीत वार्षिक हेल्थ चेकअप होता. फुकट आहे म्हणून बाईसाहेब गेल्या, रक्त दिलं, सँडविच खाल्लं आणि विसरून गेल्या. आठवड्यानं रिपोर्ट आला. एचबीए१सी ६.१! म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा. ५.७ च्या खाली असेल तर नॉर्मल, ६.५ किंवा वर गेला तर मधुमेह आणि मधला जो पट्टा आहे तो प्रीडायबेटिस. वय वर्षं २९. वजन आमच्यापेक्षा कमी. आणि ती थेट मधल्या पट्ट्यात!

ती एकटी नाही, हे तिला मीच सांगितलं. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात भारतात मधुमेह असलेले १० कोटींच्या वर निघाले आणि प्रीडायबेटिसवाले त्याहूनही जास्त, साडेतेरा कोटींच्या आसपास. म्हणजे तुमच्या बसमध्ये, तुमच्या लिफ्टमध्ये, तुमच्या टीममध्ये कुणी ना कुणी आहेच. फक्त त्यांनी अजून रक्त दिलेलं नाही!

तिनं काय केलं? जे सगळे करतात तेच. 'आजपासून गोड बंद!' फ्रीजमधलं चॉकलेट आम्हा दोघींना वाटून टाकलं, साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. हा बाणा ११ दिवस टिकला. बाराव्या दिवशी रात्री साडेअकराला डोअरबेल वाजली आणि दहा मिनिटांत येणाऱ्या त्या अ‍ॅपवाल्यानं तिच्या हातात चॉको लाव्हा केकचे दोन बॉक्स ठेवले. दोन्ही तिनं तिच्या खोलीत, दार लावून संपवले.

केकचं काही नाही हो. ते बंद दार मात्र तिला लागलं. कारण ते तिच्या ओळखीचं होतं. तिचे बाबा साताऱ्याला असतात. गेली १८ वर्षं त्यांना डायबेटिस आहे. घरात गोडाला सक्त बंदी. आणि बाबा कंदी पेढ्यांचा पुडा कपाटात स्वेटरच्या खाली लपवून ठेवायचे. पकडले कसे गेले? मुंग्यांनी चुगली केली! घरात हा किस्सा हसून सांगतात. पण पुढे काकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला, लेसर करून घ्यावं लागलं, तेव्हा कुणी हसत नव्हतं. 'मला बाबांसारखं लपून खायचं नाहीये,' ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. 'जे खाईन ते सगळ्यांसमोर, वाटीत घेऊन आणि मोजून खाईन.'

वाटीत घेऊन आणि मोजून! मग मी कामाला लागले. तर मंडळी, आजचा मेन्यू: कमी साखरेचं चॉकलेट पुडिंग. अंडं नको, ओव्हन नको, बीटर नको. एक पातेलं, एक व्हिस्क आणि पंधरा मिनिटं. बॅचलर किचनवाल्यांनो, कॉलर टाइट करा!

पुडिंगच का?

कारण केकमध्ये साखर कमी करायला गेलात तर केक रुसतो. केकमध्ये साखर फक्त गोडीला नसते. ती ओलावा धरून ठेवते, केक हलका आणि मऊ ठेवते. निम्मी करा, आणि पाणी पिऊन गिळायची वीट तयार! पुडिंगचं तसं नाही. ते घट्ट होतं कॉर्नफ्लोअरमुळे. साखर तिथे फक्त पाहुणी. पाहुणीला कमी थांबायला सांगितलं तरी घर कोसळत नाही.

आणि हे आपल्याला परकंही नाही बरं का. लग्नातलं फ्रूट कस्टर्ड आठवा! ती कस्टर्ड पावडर म्हणजे दुसरं काही नाही, कॉर्नफ्लोअर, रंग आणि व्हॅनिलाचा वास. १८३७ मध्ये इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टनं ती तयार केली, कारण बायकोला अंड्याची अ‍ॅलर्जी होती आणि तिला कस्टर्ड तर हवं होतं. बायकोच्या तब्येतीसाठी नवऱ्यानं रेसिपी बदलली! इराण्याच्या हॉटेलातलं कॅरमल कस्टर्ड अंड्यावर घट्ट होतं, आपलं पुडिंग कॉर्नफ्लोअरवर. चुलत भावंडंच म्हणा ना.

शॉपिंग करताना डोळे उघडे!

अर्धी लढाई दुकानातच जिंकायची असते. चार गोष्टी बघा.

एक, कोको पावडर. डब्यावर 'ड्रिंकिंग चॉकलेट' लिहिलेलं असेल तर तो डबा गुपचूप परत ठेवा. ड्रिंकिंग चॉकलेटमध्ये कोकोपेक्षा साखरच जास्त असते. आपल्याला हवी ती बिनसाखरेची, कडू कोको पावडर. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हाउटेन कुटुंबानं कोकोमधलं लोणी दाबून बाहेर काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ही पावडर घरोघरी पोचली. त्यांनीच कोकोवर अल्कलीची प्रक्रिया करून त्याचा आंबटपणा कमी केला. म्हणून तशा कोकोला आजही 'डच' कोको म्हणतात. कमी साखरेच्या पुडिंगला डच कोको सॉलिड. रंग गडद, चव सौम्य, त्यामुळे साखरेची मागणीच कमी! साधा कोको मिळाला तरी बिघडत नाही.

दोन, चॉकलेट. ७० टक्के किंवा त्याहून जास्त कोको असलेलं डार्क चॉकलेट घ्या. फंडा सोपा आहे. ७० टक्के कोको म्हणजे उरलेले ३० टक्के बहुतेक साखर. ४० ग्रॅम चॉकलेटमध्ये साधारण १२ ग्रॅम साखर. बेकरीच्या सामानाच्या दुकानात 'डार्क कंपाउंड'चा मोठा स्लॅब स्वस्तात मिळतो. त्याच्या मोहात पडू नका. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं आणि मागचं लेबल वाचलंत तर बहुधा पहिलं नाव साखरेचंच असतं.

आणि हो, लेबल वाचायची सवय लावाच. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. ज्याचं नाव पहिलं, तो मालक! खालच्या पोषणाच्या तक्त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे दोन वेगळे आकडे छापलेले असतात. आपल्याला दुसरा बघायचा.

तीन, कॉर्नफ्लोअर. म्हणजे मक्याचं पांढरंशुभ्र, बोटांत कुरकुरणारं स्टार्च. भाकरीचं पिवळं मक्याचं पीठ नव्हे! आमच्या तिसऱ्या रूममेटला मी कॉर्नफ्लोअर आणायला पाठवलं तर ती अर्धा किलो पिवळं पीठ घेऊन आली. आम्ही तीन दिवस मक्याच्या भाकऱ्या खाल्ल्या.

चार, दूध. अर्ध्या लिटरची पिशवी. टोन्ड चालेल, गाईचं चालेल, फुल क्रीम असेल तर पुडिंग जरा जास्तच श्रीमंत होईल. अर्धा लिटरची रेसिपी अशासाठी दिली की मोजायची कटकट नाही. पिशवी कापा, ओता, संपलं!

साहित्य, चार छोट्या वाट्यांसाठी

दूध अर्धा लिटर, थंड
कोको पावडर ३ टेबलस्पून
कॉर्नफ्लोअर अडीच टेबलस्पून
साखर २ टेबलस्पून, सपाट
७० टक्के डार्क चॉकलेट ४० ग्रॅम, बारीक चिरून
मीठ दोन चिमटी
इन्स्टंट कॉफी अर्धा टीस्पून
व्हॅनिला इसेन्स १ टीस्पून

टेबलस्पून म्हणजे १५ मिलीचा मापाचा चमचा. पोह्याचा चमचा त्याहून लहान असतो आणि वाढायचा डाव त्याहून मोठा. मापाच्या चमच्यांचा सेट फार महाग नसतो. घेऊन टाका. 'अंदाजे दोन चमचे' म्हणताना अंदाज नेहमी वरच्या बाजूलाच चुकतो!

कृती

गॅस अजून पेटवायचा नाही! पातेल्यात कोको, कॉर्नफ्लोअर, साखर, मीठ आणि कॉफी चाळून एकत्र करा. कोरडं असतानाच व्हिस्कनं नीट मिसळा. साखरेचे दाणे कॉर्नफ्लोअरच्या कणांना एकमेकांपासून लांब ठेवतात, त्यामुळे गुठळ्यांना चान्सच मिळत नाही.

आता थंड दुधातलं अर्धी वाटी दूध घाला आणि इडलीच्या पिठासारखी गुळगुळीत पेस्ट करा. मग उरलेलं दूध थोडं थोडं ओता. दूध थंडच हवं, ही अट नॉन-निगोशिएबल! कॉर्नफ्लोअर गरम दुधात टाकलंत तर गोळ्याचा बाहेरचा थर लगेच शिजून चिकट होतो आणि आत कोरडी पावडर अडकते. त्यालाच आपण गुठळी म्हणतो.

मग मध्यम आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. फोन लांब ठेवा. रील बघत पुडिंग होत नाही. पातेल्याचा तळ आणि कडेचा कोपरा खरवडत राहायचं, कारण तिथेच पहिल्यांदा लागतं. पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाही. तुम्हाला वाटेल, फसली रेसिपी. थांबा! कॉर्नफ्लोअरचे कण साधारण ६५-७० अंशांच्या पुढे पाणी पिऊन फुगायला लागतात आणि उकळीच्या जवळ आल्यावर खरे घट्ट होतात. सहाव्या-सातव्या मिनिटाला व्हिस्क एकदम जड लागायला लागतो. मग मधोमध एक जाड बुडबुडा येतो आणि 'भुक्क' असा आवाज करतो. ती शिट्टी समजा! आच कमी करा आणि अजून एक ते दीड मिनिट ढवळा. हे दीड मिनिट वाचवलंत तर कच्च्या पिठाची चव राहते.

गॅस बंद. चिरलेलं चॉकलेट घाला, एक मिनिट तसंच राहू द्या, मग हळूच ढवळा. शेवटी व्हॅनिला. व्हॅनिला आधी घातलात तर वास वाफेबरोबर शेजाऱ्यांकडे जातो!

लगेच चार वाट्यांमध्ये ओता. वर साय नको असेल तर बटर पेपरचा तुकडा किंवा क्लिंग फिल्म पुडिंगला चिकटेल अशी ठेवा. साय आवडणारेही लोक असतात, आमच्याकडे एक आहे, तिची वाटी उघडी ठेवतो. कोमट झालं की फ्रीजमध्ये दोन-तीन तास.

एकदा सेट झालं की पुन्हा ढवळू नका. जाळी मोडते आणि पाणी सुटतं. दोन दिवसांत संपवा. तिसऱ्या दिवशी ते कडेनं रडायला लागतं.

इंडक्शनवाल्यांसाठी: जाड बुडाचं, लोहचुंबक चिकटेल असं स्टीलचं पातेलं घ्या. साध्या अ‍ॅल्युमिनियमचं इंडक्शनवर चालत नाही. सेटिंग मध्यमच्या जरा खाली ठेवा.

आणि एकट्या जिवासाठी मायक्रोवेव्ह व्हर्जन: मोठ्या मगमध्ये १ टेबलस्पून कोको, २ टीस्पून भरून कॉर्नफ्लोअर, २ टीस्पून साखर, चिमूटभर मीठ. त्यात १५० मिली थंड दूध घालून नीट ढवळा. एक मिनिट लावा, ढवळा. मग वीस-वीस सेकंदांनी बाहेर काढून ढवळत राहा, घट्ट होईपर्यंत. मग मोठाच हवा, नाहीतर सगळं पुडिंग मायक्रोवेव्हच्या प्लेटवर सेट होईल!

कमी साखर, जास्त गोड?

आता खरी गंमत. जिभेला गंडवायचं कसं?

मीठ: दोन चिमटी मीठ कडवटपणा दाबतं, आणि कडू कमी लागलं की गोड आपोआप पुढे येतं. कलिंगडावर मीठ टाकून खाणाऱ्यांना हे कधीपासून माहिती आहे.

कॉफी: अर्ध्या चमच्यानं कॉफीची चव येत नाही. चॉकलेटची चव मात्र दुप्पट गडद लागते. रात्री झोप उडत असेल त्यांनी कॉफी वगळा.

वास: व्हॅनिला स्वतः गोड नसतो, चाटून बघा, कडूच लागेल. पण आपल्या डोक्यात त्या वासाची आणि गोडाची जोडी इतकी पक्की बसलेली असते की नुसत्या वासानं पदार्थ जास्त गोड वाटतो. दालचिनीची चिमूट किंवा संत्र्याची किसलेली साल हेच काम करते. जायफळ आणि वेलदोडा तर आपले घरचेच! श्रीखंडाची आठवण येते की नाही बघा.

तापमान: थंडगार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो. म्हणूनच वितळलेलं आइस्क्रीम भयंकर गोड लागतं. मग वाटी फ्रीजमधून काढल्या काढल्या खाऊ नका. पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. साखरेचा एक दाणाही न वाढवता गोडी वाढते. फुकट!

आणि शेवटचा फंडा, सवय. आम्ही पहिल्यांदा ४ टेबलस्पून साखर घातली होती. पुढच्या वेळी ३. मग अडीच. आता २ वर आहोत आणि कुणालाही कमी वाटत नाही. जीभ हळूहळू शिकते. एकदम शाळेतून काढून टाकलंत तर मात्र बंड करते. बाराव्या दिवशी, रात्री साडेअकराला!

'साखरेऐवजी गूळ घालू?'

हा प्रश्न येणार, मला माहिती आहे! दर वेळी कुणीतरी विचारतंच.

गुळात थोडे क्षार असतात हे खरं, पण बाकी तोही बहुतेक साखरच. रक्तातल्या साखरेला 'हा गूळ आहे बरं का' असं सांगून काही फरक पडत नाही. शिवाय गरम दुधात गूळ घातला की दूध फाटायची भीती. मध? तीच कथा. खजूर? त्यात तंतू असतात, पोट भरल्यासारखं वाटतं, पण वजनाच्या निम्म्याहून जास्त तीही साखरच. आवडत असेल तर दोन-तीन खजूर भिजवून, वाटून घाला, पण तेवढी साखर कमी करा. खजूरही घातले आणि साखरही तेवढीच ठेवली तर 'हेल्दी'च्या नावाखाली डबल डोस!

राहिल्या शुगर-फ्री गोळ्या आणि पावडरी. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला म्हणून अशा स्वीटनर्सवर अवलंबून राहू नका. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना हा सल्ला लागू केलेला नाही, तिथे डॉक्टर काय म्हणतात ते ऐका. मला स्वतःला स्टीव्हियाची ती जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारी कडू चव सहन होत नाही. आणि जीभ 'कमी गोड'ला सरावावी हाच तर आपला प्लॅन आहे ना? मग तिला खोटं गोड कशाला द्यायचं?

आता हिशोब!

शेवटी आपण एक्सेलवाली माणसं. २ टेबलस्पून साखर म्हणजे साधारण २५ ग्रॅम. चॉकलेटमधली १२ ग्रॅम. एकूण ३७. चार वाट्यांत भागा, वाटीला साधारण ९ ग्रॅम. म्हणजे चहाचे दोन चमचे आणि वर थोडी. नेहमीच्या पद्धतीनं तेवढ्याच दुधात अर्धा कप साखर घातली असती तर चॉकलेट न मोजताच वाटीला २५ ग्रॅम झाली असती.

हा २५ आकडा लक्षात ठेवा. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली की वरून घातलेली साखर, मध, फळांचा रस वगैरे धरून दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तमच. २००० कॅलरींचा दिवस धरला तर ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, चहाचे सहा चमचे. आता मोजा! दिवसाला तीन चहा, प्रत्येकी दोन चमचे. झाला कोटा पूर्ण! ३०० मिलीचा एक कोला घेतलात तर एका बाटलीतच ३० ग्रॅमच्या वर. म्हणजे पुडिंग व्हिलन नाहीच. व्हिलन तो मशीनचा चहा आहे, जो आपण लक्षही न देता पितो.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी. हे पुडिंग 'कमी साखरेचं' आहे, 'बिनसाखरेचं' नाही, आणि डायबेटिसचं औषध तर अजिबात नाही. दुधात स्वतःची साखर असते, वाटीला सुमारे ६ ग्रॅम. कॉर्नफ्लोअर गोड लागत नाही, पण पोटात गेल्यावर त्याचंही ग्लुकोजच होतं. सगळं धरून एका वाटीत कर्बोदकं २० ते २२ ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे ज्यांची औषधं किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी आधी डॉक्टरांना किंवा डाएटिशियनला विचारा. माझं काम पातेल्यापर्यंतच!

आमच्या रूममेटनं विचारलं. स्वतःसाठी आणि बाबांसाठीही. काकांच्या डाएटिशियननं सांगितलं, आठवड्यातून एखाद्या वेळी छोटी वाटी चालेल, पण त्या जेवणात एक पोळी कमी. मागच्या महिन्यात काका डोळे तपासायला पुण्याला आले होते, तेव्हा रात्रीच्या जेवणानंतर आम्ही चौघांसाठी चार वाट्या टेबलावर ठेवल्या. काकांनी आधी इकडेतिकडे बघितलं. सवय!

'अगं, हे मला चालतं?'

'चालतं, बाबा. एक पोळी कमी दिली होती ना तुम्हाला, ती याच्यासाठीच.'

'मला वाटलं, कणीक संपली.'

मग काही बोलले नाहीत. सावकाश, चमचा चमचा करत खाल्लं. वाटी अगदी कडेपर्यंत निपटून काढली. आणि विचारलं, 'अजून आहे का गं?'

'आहे. पुढच्या रविवारी या.'

'सकाळच्या एसटीनं येऊ का?'

तिचा सहा महिन्यांनंतरचा रिपोर्ट ५.८ आला. अजून मधल्या पट्ट्यातच आहे, पण दाराजवळ! हे पुडिंगमुळे झालं असं मी म्हणणार नाही. ती रोज रात्री जेवल्यावर अर्धा तास चालते, मशीनचा चहा सोडून घरून बिनसाखरेचा चहा फ्लास्कमध्ये नेते, बारा वाजता झोपते, दोन वाजता नाही. पुडिंगनं एवढंच केलं की हे सगळं करताना तिला आपल्याला शिक्षा झालीय असं वाटलं नाही. आणि तिच्या खोलीचं दार रात्री उघडं असतं.

तर या वीकेंडला करून बघा. चार वाट्या करा आणि चार माणसं बोलवा. एकट्यानं चार वाट्या खाल्ल्यात तर वरचा सगळा हिशोब तुम्हाला लागू नाही, आधीच सांगून ठेवते! आणि पुढच्या वेळी 'केक इन पॅन्ट्री'चा मेल टाकायची पाळी तुमच्यावर आली, तर एक ट्रे पुडिंगच्या छोट्या वाट्या घेऊन जा. 'नको, मी गोड कमी केलंय' म्हणणारी एक तरी मुलगी कोपऱ्यात उभी असेल. तिच्या हातात पहिली वाटी द्या.

पुढच्या आठवड्यात: तव्यावरचा पिझ्झा, आणि तोही भाकरीच्या पिठाचा. नाक मुरडू नका, भेटूच!